गाणं नेमकं कुणाचं? गीतकार, संगीतकार आणि निर्मात्यांसाठी रॉयल्टीचा सोपा पाठ



आजचा पाठ पुस्तकातला नाही, पण आपल्या भागातल्या अनेक तरुण मुलामुलींच्या उपयोगाचा आहे. सातारा-सांगली जिल्ह्यांत आज गावोगावी गाणी तयार होतात. कोणी पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेवर गाणं लिहितो, कोणी पालीच्या खंडोबावर, कोणी बैलगाडा शर्यतीवर, तर कोणी निवडणुकीच्या प्रचारासाठी. घरातल्या एका खोलीत संगणक, माईक आणि हेडफोन एवढ्यावर गाणं रेकॉर्ड होतं आणि रात्रीत यूट्यूबवर चढतं. गाणं गाजतं, लग्नाच्या वरातीत वाजतं, रील्सवर फिरतं. पण ज्यानं शब्द लिहिले त्याला विचारा, "तुला किती मिळाले?" तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "एकदाच दिले होते थोडे," किंवा "नाव आलं की स्क्रीनवर!"

गाण्यातून पैसे येत नाहीत असं नाही. ते येतात, पण योग्य माणसापर्यंत पोहोचायला त्यांना पत्ता लागतो. तो पत्ता कसा तयार करायचा, हे आज समजून घेऊया.

१. एक गाणं, तीन मालमत्ता

सर्वांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे आपलं राज्यगीत. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते अधिकृतपणे राज्यगीत म्हणून लागू झालं. आता वर्गात प्रश्न विचारल्यासारखं विचारतो, हे गाणं कुणाचं?

मुलं म्हणतील, "शाहीर साबळे यांचं." बरोबर, आवाज त्यांचा. शाहीर कृष्णराव साबळे आपल्या वाई तालुक्यातल्या पसरणीचे. पण शब्द लिहिले कवी राजा बढे यांनी आणि चाल लावली श्रीनिवास खळे यांनी. शिवाय ते कोणीतरी खर्च करून ध्वनिमुद्रित केलं, तेव्हाच ते घराघरांत पोहोचलं.

म्हणजे एका गाण्यात कायद्याला तीन वेगवेगळ्या मालमत्ता दिसतात:

• शब्द. कायद्याच्या भाषेत ही साहित्यकृती. हिचा कर्ता गीतकार.
• चाल. ही संगीतकृती. हिचा कर्ता संगीतकार. चाल स्वरलिपीत कागदावर लिहिलेली नसली तरी चालते. मोबाईलवर गुणगुणून ठेवलेली चालही संगीतकृतीच आहे.
• ध्वनिमुद्रण. म्हणजे तयार झालेली ऑडिओ फाईल. धंद्यात हिला ‘मास्टर’ म्हणतात. हिचा कर्ता कायद्यानुसार निर्माता, म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून रेकॉर्डिंग करवलं तो.

याशिवाय गायक आणि वादक यांचा ‘सादरकर्त्याचा हक्क’ वेगळा आहे.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर एकाच बांधावर तीन गट नंबर आहेत आणि प्रत्येकाचा सातबारा वेगळा. एकाचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आपोआप होत नाही. जो माणूस म्हणतो, "मी स्टुडिओचा खर्च केला म्हणजे सगळं गाणं माझं," त्याच्याकडे फक्त तिसऱ्या गटाचा सातबारा असतो. पहिल्या दोन गटांचा हक्क हवा असेल तर त्यानं गीतकार आणि संगीतकार यांच्याकडून तो लेखी घ्यायला हवा.

इथं एका शब्दानं फार गोंधळ होतो. आपल्याकडे ट्रॅक बनवणाऱ्याला, बीट करणाऱ्याला ‘म्युझिक प्रोड्यूसर’ म्हणतात. कायद्यातला ‘निर्माता’ म्हणजे हा नव्हे. ट्रॅक बनवणाऱ्यानं चाल स्वतः बांधली असेल तर तो संगीतकार ठरतो. रेकॉर्डिंगचा पुढाकार आणि जबाबदारीही त्याचीच असेल तर तो निर्माताही ठरतो. पण दुसऱ्याच्या चालीवर त्यानं फक्त ढोलकी, हलगी, सिंथ बसवून मिक्सिंग करून दिलं, तर त्याचा हिस्सा किती हे करारात लिहून घेतल्याशिवाय पक्कं होत नाही. म्हणून ट्रॅक बनवणाऱ्या मित्रांनो, तुमच्यासाठी लेखी कागद सर्वांत जास्त गरजेचा आहे.

२. हक्क किती वर्षं चालतो?

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात वेळोवेळी बदल झाले. आजच्या नियमानुसार:

• शब्द आणि चाल: कर्त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं. ही ६० वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात.
• ध्वनिमुद्रण: प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं.
• सादरकर्त्याचा हक्क: सादरीकरणानंतर ५० वर्षं.

आता थोडं गणित करू. राजा बढे यांचं निधन १९७७ मध्ये झालं. १ जानेवारी १९७८ पासून ६० वर्षं मोजली की ३१ डिसेंबर २०३७ येतं. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालीचा हक्क ३१ डिसेंबर २०७१ पर्यंत. गाणं एकच, पण शब्दांची मुदत वेगळी आणि चालीची वेगळी.

आपल्या सांगली जिल्ह्यातली उदाहरणं पाहा. गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, यांचा जन्म शेटफळ्याचा. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’तल्या ५६ गीतांचे शब्द त्यांचे, संगीत सुधीर फडके यांचं. गदिमा १९७७ मध्ये गेले, फडके २००२ मध्ये. म्हणजे शब्दांची मुदत २०३७ अखेर आणि संगीताची २०६२ अखेर.

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ ला गेले. त्यांच्या लावण्या, पोवाडे, छक्कडी यांची मुदत ३१ डिसेंबर २०२९ ला संपते. ज्या माणसाच्या शब्दांवर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटल्या, त्याचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. गाणं गाजणं आणि गाणाऱ्या-लिहिणाऱ्याच्या घरात चूल पेटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या मातीनं फार जवळून पाहिलं आहे.

आणि संतांचे अभंग? तुकाराम महाराजांचे शब्द सर्वांचे. त्यांना कोणीही चाल लावू शकतो. पण लता मंगेशकर यांनी गायलेल्या ‘अभंग तुकयाचे’ची चाल खळ्यांची आहे. ती चाल उचलून आपण नवीन व्हिडिओ केला, तर शब्द मोकळे असले तरी चालीसाठी परवानगी लागते. तीच गोष्ट जात्यावरच्या ओव्यांची, भारुडांची, गोंधळाच्या पदांची. परंपरेतलं पद मोकळं असतं. त्यावर कोणी नव्यानं केलेली चाल, नव्यानं जोडलेला अंतरा आणि नवीन रेकॉर्डिंग मोकळं नसतं.

३. पैसा कुठून कुठून येतो?

एकाच गाण्याला वेगवेगळ्या वाटांनी पैसे येतात. वही काढा आणि लिहून घ्या.

(अ) सार्वजनिक वापराची रॉयल्टी. रेडिओ, टीव्ही, हॉटेल, मॉल, तिकीट लावून होणारा ऑर्केस्ट्रा, ऑनलाइन सेवा इथं गाणं वाजतं तेव्हा शब्द आणि चाल यांच्या मालकांना मिळणारा हिस्सा.

(आ) प्रती काढण्याची रॉयल्टी. पूर्वी कॅसेट-सीडीच्या प्रत्येक प्रतीवर असायची. आता डाऊनलोड आणि ऑनलाइन ऐकणं यातही तिचा भाग धरला जातो. हिला मेकॅनिकल रॉयल्टी म्हणतात.

(इ) चित्राला जोडण्याचे पैसे. सिनेमा, मालिका, जाहिरात यांत गाणं घेतलं तर द्यावे लागणारे. याला सिंक म्हणतात. यात दोन परवानग्या लागतात, एक शब्द-चालीची आणि दुसरी मास्टरची.

(ई) ध्वनिमुद्रणाची कमाई. स्पॉटिफायसारख्या सेवांवर गाणं ऐकलं गेलं की मास्टरच्या मालकाला वितरकामार्फत मिळणारे पैसे.

(उ) गायक-वादकांची रॉयल्टी. त्यांच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरासाठी.

स्वतंत्रपणे काम करणारा मुलगा बहुतेक वेळा फक्त (ई) घेतो. वितरकाच्या खात्यावर पैसे दिसले की त्याला वाटतं, झालं, एवढंच असतं. पण वितरक देतो ते मास्टरचे पैसे. शब्द आणि चालीचे पैसे दुसऱ्या दारानं येतात. तिथं आपलं नाव नोंदलेलं नसेल तर ते आपल्याकडे येत नाहीत.

आपल्या भागात हे उसाच्या उदाहरणावरून लगेच कळेल. ऊस शेतात उभा आहे, गोडही आहे, पण कारखान्याकडे नोंदच केली नाही तर बिल कुणाच्या नावावर निघणार? गाण्याचंही तसंच आहे.

४. नोंद कुठं करायची?

शब्द आणि चालीसाठी: इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. मुंबईतली ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. गीतकार, संगीतकार आणि संगीत प्रकाशक हे तिचे सभासद. २०१२ च्या कायदेबदलानंतर २०१७ मध्ये तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून नव्यानं नोंदणी झाली. अशा सोसायटीच्या कारभारी मंडळात कर्ते आणि हक्कांचे मालक यांची संख्या समान असली पाहिजे, असं कायदा सांगतो.

गायक-वादकांसाठी: इंडियन सिंगर्स अँड म्युझिशियन्स राइट्स असोसिएशन, म्हणजे इसम्रा.

ध्वनिमुद्रणांच्या सार्वजनिक वापराचे परवाने देणारी जुनी संस्था म्हणजे फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड, म्हणजे पीपीएल. मोठ्या कंपन्यांच्या संदर्भात हिचं नाव कानावर येतं. म्हणून हमरस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलमालकाला एकाच गाण्यासाठी दोन परवाने का घ्यावे लागतात, हा प्रश्न पडतो. उत्तर पहिल्या मुद्द्यातच आहे. एक परवाना शब्द-चालीचा आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा.

सभासद होताना पॅन, ओळखपत्र, बँक खात्याचा पुरावा आणि आपल्या गाण्यांची माहिती लागते. पण सभासद झालं म्हणजे काम संपलं असं नाही. प्रत्येक नवीन गाणं, त्यातले सर्व कर्ते आणि प्रत्येकाचा हिस्सा यांची नोंद वेगळी करावी लागते. शाळेत प्रवेश घेतला पण हजेरीपटावर नावच नाही, तर काय उपयोग?

नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. पॅनवर एक नाव, यूट्यूबवर दुसरं, पोस्टरवर ‘डीजे’ लावून तिसरं, असं केलं की नोंदी जुळत नाहीत आणि पैसे अडकून पडतात. टोपणनाव वापरायचं असेल तर नोंदणीत तेही लिहा.

दोन आकडेही ओळखून ठेवा. ध्वनिमुद्रणाला मिळतो तो आयएसआरसी, बारा अक्षर-अंकांचा. गाण्याच्या रचनेला, म्हणजे शब्द-चालीला, मिळतो तो आयएसडब्ल्यूसी. एकाच रचनेची तीन रेकॉर्डिंग झाली तर रचनेचा क्रमांक एक आणि ध्वनिमुद्रणांचे क्रमांक तीन. मुलाचा आधार क्रमांक आणि त्याच्या प्रत्येक गुणपत्रिकेचा क्रमांक यांत जसा फरक, तसाच हा.

५. २०१२ साली काय बदललं?

हा भाग नीट वाचा, कारण इथंच आपल्या हातात खरं हत्यार आहे.

पूर्वी काय व्हायचं? गीतकार-संगीतकारांना ठोक रक्कम मिळायची आणि सगळे हक्क निर्मात्याकडे किंवा कंपनीकडे जायचे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयपीआरएसच्या एका खटल्यात असा निकाल दिला की, निर्मात्यानं पैसे देऊन चित्रपटासाठी संगीत करवून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक निर्माता. पुढची अनेक वर्षं व्यवहार याच वळणानं चालले.

गायकांची अवस्था तर आणखी कठीण होती. लता मंगेशकर यांच्या बालपणाची काही वर्षं सांगलीत गेली. त्यांनी १९६० च्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी अशी मागणी लावून धरली. मोहम्मद रफी यांचं मत वेगळं होतं. गाण्याचं मानधन मिळालं की व्यवहार संपला, असं त्यांना वाटत होतं. या मतभेदातून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणी गायली नाहीत. इतक्या मोठ्या कलावंतांनाही जे मागून मिळत नव्हतं, ते कायद्यात यायला २०१२ साल उजाडावं लागलं.

राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हा विषय जोरानं मांडला. संसदेनं कायदा बदलला आणि २१ जून २०१२ पासून तो लागू झाला. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

• गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. कॉपीराइट कंपनीला लिहून दिला तरी हा वाटा शिल्लक राहतो.
• हा वाटा सोडून देतो अशी सही घेतली तरी ती अट कायद्यानं रद्दबातल आहे. हा हक्क फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो.
• चित्रपटातल्या गाण्यासाठी हा वाटा सिनेमागृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरांवर मिळतो. चित्रपटाबाहेरच्या गाण्यासाठी कोणत्याही वापरावर मिळतो. आपल्याकडची बहुतेक गाणी या दुसऱ्या प्रकारातली!
• करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात आलं नव्हतं, त्याचे हक्क आपोआप जात नाहीत.
• गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरासाठी रॉयल्टीचा हक्क मिळाला.

आता हिशेब करू. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. समजा, एका गाण्याच्या शब्द-चालीवर वर्षभरात १२,००० रुपये रॉयल्टी जमली. शब्द आणि चाल निम्मे-निम्मे धरले तर प्रत्येकी ६,०००. गीतकारानं आपला कॉपीराइट कंपनीला दिलेला असेल तर त्याच्या ६,००० मधले ३,००० कंपनीचे आणि ३,००० त्याचे. हे एका वर्षाचे. गाणं पाच वर्षं असंच चाललं तर १५,०००. आणि सुरुवातीला "सगळे हक्क दिले" म्हणून हातावर ठेवलेले २,००० रुपये? ते गेले खर्चून. फरक इथं आहे. पण पुन्हा सांगतो, हा हक्क कागदावर असला तरी नोंद नसेल तर पैसे चालत घरी येत नाहीत.

६. सही करण्याआधी

हक्क देण्याचे दोन प्रकार आहेत. हस्तांतरण म्हणजे खरेदीखत करून देणं. परवाना म्हणजे शेत खंडानं देणं. मालकी आपली राहते, ठरलेल्या मुदतीसाठी दुसरा कसतो. जिथं जमेल तिथं परवान्यावर काम भागवा.

हस्तांतरणच करायचं असेल तर कायदा काय सांगतो ते पाहा:

• ते लेखी आणि सही केलेलंच हवं. तोंडी "दिलं बघ तुला" याला हस्तांतरण म्हणत नाहीत.
• कोणतं गाणं, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि रॉयल्टी किती, हे त्यात हवं.
• मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.
• घेणाऱ्यानं दिलेले हक्क एका वर्षात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास ते परत कर्त्याकडे येतात.

करारात "जगभर, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत" असे तीन शब्द एका ओळीत दिसले की तिथं बोट ठेवा आणि विचारा, "बदल्यात काय?" विचारण्यात लाज नाही. आपण गुरांच्या बाजारात दात बघून बैल घेणारी माणसं आहोत, मग स्वतःचं गाणं न बघता का द्यायचं?

आणखी एक, नावाचा हक्क. कॉपीराइट विकला तरी कर्ता म्हणून आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या कृतीची मानहानीकारक मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. तेव्हा "नाव टाकलं म्हणजे उपकार केले" असं कोणी म्हणत असेल तर तसं नाही. नाव हा हक्क आहे, आणि नाव म्हणजे पैसेही नव्हेत.

७. मित्रांमधलं वाटणीपत्रक

आपल्याकडे बहुतेक गाणी मित्र मिळून करतात आणि भांडण गाणं गाजल्यावर होतं. गाणं पडलं तर कोणी भांडत नाही! म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशीच, चहा पिता पिता, एका कागदावर एवढं लिहा:

• गाण्याचं नाव आणि पूर्ण झाल्याची तारीख
• शब्द: नाव, हिस्सा टक्के
• चाल: नाव, हिस्सा टक्के
• संगीत संयोजन, बीट, मिक्सिंग: नाव, ठोक रक्कम की हिस्सा
• गायक-वादक: नावं, मानधन
• ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी केला, मास्टर कोणाच्या नावावर
• कोणत्या चॅनेलवर टाकायचं, जाहिरातींचे पैसे कसे वाटायचे
• सर्वांच्या सह्या आणि दोन साक्षीदार

हिश्शांची बेरीज १०० आली पाहिजे. हे मुद्दाम सांगतोय! तिघांनी मिळून शब्द लिहिले तर तिघांची नावं येऊ द्या. ज्यानं एक ओळ सुचवली त्याचं काय करायचं, हेही त्याच दिवशी ठरवा.

इंटरनेटवरून विकत घेतलेला बीट वापरला असेल तर त्याचा परवानाही या कागदाला जोडा. अनेक बीट ‘एकाच वेळी अनेकांना’ या अटीवर विकले जातात. तोच बीट शंभर गाण्यांत असू शकतो. असा बीट यूट्यूबच्या कंटेंट आयडीत आपला म्हणून टाकला तर दुसऱ्यांच्या गाण्यांवर चुकीचे दावे जातात आणि खातं अडचणीत येतं.

८. सरकारी नोंदणी करायची का?

गाणं तयार होऊन कुठंतरी उतरलं की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. पण वाद कोर्टात गेला तर नोंदणीचं प्रमाणपत्र हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्यकृती किंवा संगीतकृतीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

प्रत्येक गाण्याला हा खर्च परवडत नसेल तर निदान पुरावा जपा. शब्दांचे कच्चे कागद, चालीचं पहिलं मोबाईल रेकॉर्डिंग आणि स्वतःलाच पाठवलेला तारखेसह ईमेल ठेवा. ट्रॅक बनवणाऱ्यांनी प्रोजेक्टची मूळ फाईल कधीच पुसू नये.

९. शाळेपुरतं थोडं

आपण शिक्षक आहोत, तेव्हा हा प्रश्न येणारच. स्नेहसंमेलनात गाणी लावली, मुलांनी नाच केला, तर परवाना लागतो का? कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेच्या उपक्रमांसाठी सवलत आहे. प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळी एवढेच असतील तर हा वापर उल्लंघन ठरत नाही. धार्मिक विधी, सरकारी समारंभ, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम यांनाही अशीच सूट आहे.

पण ही सवलत सभागृहापुरती आहे. तोच कार्यक्रम यूट्यूबवर चढवला की प्रेक्षक सगळं जग होतं आणि सवलत मागे राहते. मग आवाज बंद होणं, दावा येणं हे प्रकार घडतात. उपाय सोपा आहे. मुलांकडून नवीन गाणं लिहून घ्या, परंपरेतली पदं नव्या चालीत बसवा आणि खाली मुलांची नावं लिहा. मुलांनाही लहानपणीच कळेल की कविता लिहिणाऱ्याचं नाव कवितेखाली का असतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

१) गाणं म्हणजे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तीन वेगळे हक्क.
२) वितरकाकडून मास्टरचे पैसे येतात, शब्द-चालीचे सोसायटीकडून.
३) समान वाट्याचा हक्क सही करूनही जात नाही.
४) तोंडी हस्तांतरण ग्राह्य नाही. मुदत, प्रदेश, रॉयल्टी लिहून घ्या.
५) वाटणीपत्रक गाणं गाजण्याआधी, नोंद गाणं आल्याबरोबर.

स्वाध्याय

तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कोणी केलेलं एक गाणं घ्या. वहीत चार रकाने आखा: शब्द, चाल, मास्टर, गायक-वादक. प्रत्येक रकान्यात नाव, हिस्सा आणि नोंद झाली का, हे लिहा. एखादा रकाना रिकामा राहिला, तर बहुतेक पैसे तिथंच अडकले आहेत. या आठवड्यात तो भरायला सुरुवात करा.

पाठ उपयोगी वाटला तर गावातल्या त्या मुलापर्यंत नक्की पोहोचवा, ज्याचं गाणं सगळ्यांना पाठ आहे, पण नाव कुणालाच माहीत नाही.